डिपर मारला आणि अंधार झाला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीच्या स्टेअरिंगखाली दोन बाजूंना दोन दांड्या असतात. एका दांडीनं दिवे लागतात, डिपर मारता येतो, डावी-उजवीकडे वळण्याचा इशारा देता येतो. दुसरीनं वायपर फिरतो आणि काचेवर पाणी उडतं. या दोन्ही दांड्या ज्या डबीला जोडलेल्या असतात तिला कॉम्बिनेशन स्विच म्हणतात. गॅरेजमध्ये कुणी 'कॉम्बी स्विच' म्हणतं, कुणी नुसतंच 'डिपर स्विच'. आज या स्विचविषयी बोलायचं आहे. एवढ्याशा वस्तूवर काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं, २००६ सालच्या डिसेंबरपर्यंत.

त्या महिन्यात मी धुळ्याहून जळगावला परत निघालो होतो. गाडी लहान, पेट्रोलवरची, सात-आठ वर्षं वापरलेली. तेव्हा हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता. २०१० साली क्रमांक बदलले आणि तो ५३ झाला. त्या वेळी तो दुपदरी होता. सुरतेकडून नागपूरकडं जाणारे ट्रक रात्रभर चालायचे. कापूस वेचणीचे दिवस असल्यानं कडेनं बैलगाड्याही असायच्या. पारोळा मागं पडलं, रात्रीचे आठ वाजून गेले होते. समोरून एक ट्रक आला. त्याचे डोळे दिपू नयेत म्हणून मी दांडी हलवून डिपर मारला, आणि माझ्यापुढचा रस्ता नाहीसा झाला. दोन्ही दिवे एकदम गेले.

ताशी ६० किलोमीटरच्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. मी गोंधळून दांडी पुन्हा मागं ओढेपर्यंत दोन सेकंद तरी गेली असतील, म्हणजे तेहेतीस-चौतीस मीटर अंतर मी आंधळ्यासारखा कापलं. वरचा झोत पुन्हा लागला तेव्हा समोर कापसानं भरलेली बैलगाडी होती. ब्रेक लागले, गाडी थांबली, मध्ये चार हातांचं अंतर उरलं. कापसाच्या ढिगावर एक पोरगा गाढ झोपलेला होता. गाडीवान खाली उतरला आणि त्यानं एवढंच विचारलं, "साहेब, दिवे का मालवले?"

मी त्या काळात शाळेत विज्ञान शिकवत होतो. ओहमचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. पण त्या माणसाच्या साध्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. ते उत्तर मिळायला पुढं पाच महिने लागले, आणि ते धुळ्यातल्या एका वायरिंगच्या मिस्त्रीनं दिलं.

आधी हा स्विच काय करतो ते पाहू. जुन्या मोटारींमध्ये आणि ट्रकांमध्ये डिपर पायाखाली असायचा. क्लचच्या डावीकडं फरशीवर एक बटण असे, डाव्या पायानं ते दाबलं की झोत खाली, पुन्हा दाबलं की वर. पायाखालच्या बटणात चिखल-पाणी जायचं आणि ऐन वळणावर क्लच सांभाळायचा की डिपर, असा प्रश्न पडायचा. पुढं ही सगळी कामं हातापाशी, स्टेअरिंगखाली आली. हात न हलवता बोटांनी दिवे बदलता येऊ लागले. सोय झाली, पण गाडीतली निम्मी वीजजोडणी एका मुठीएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत गोळा झाली.

ही डबी उघडली तर आत पितळेच्या किंवा तांब्याच्या पट्ट्या दिसतात, त्यांच्यावर सरकणारे छोटे गोल स्पर्शबिंदू दिसतात, आणि स्प्रिंगा, प्लॅस्टिकचे खटके नि थोडं ग्रीस असतं. दांडी हलवली की स्पर्शबिंदू एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जातो. बस, एवढंच यंत्र. इंडिकेटरच्या दांडीला एक खटका असतो. स्टेअरिंग वळवून सरळ केलं की चाकाच्या मागचा उंचवटा या खटक्याला ढकलतो आणि दांडी आपोआप जागेवर येते. तुमचा इंडिकेटर वळण संपल्यावरही टिकटिकत राहत असेल, तर बहुतेक वेळा हा प्लॅस्टिकचा खटका झिजलेला किंवा तुटलेला असतो.

आता माझ्या गाडीकडं. दुसऱ्या दिवशी मी जळगावात एका गॅरेजमध्ये गेलो. तिथं पंधरा मिनिटांत निदान झालं, 'स्विच गेला'. जुना काढला, नवा बसवला, दिवे लागले. मी पैसे देऊन घरी आलो. निदान चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. स्विच गेला होता हे खरं. पण तो का गेला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मे महिन्यात कामासाठी धुळ्याला गेलो होतो. संध्याकाळी दिवे लावले आणि काही वेळानं जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला. स्टेअरिंगखालच्या आवरणाला हात लावला तर चांगलंच गरम. खालचा झोत मधूनच मिचमिचत होता. पाच महिन्यांपूर्वी बसवलेला नवा स्विच पुन्हा त्याच वाटेला लागला होता. या वेळी मात्र मी रस्त्यावर निघालो नाही. पारोळा रोडला एका टपरीवजा दुकानात वयस्कर मिस्त्री बसत, त्यांच्याकडं गाडी नेली. त्यांनी अहिराणीत विचारलं, "काय व्हयनं भाऊ?" मी सांगितलं, स्विच गेलाय, नवा टाका. ते हसले आणि म्हणाले, "करंट कोठे आटकना ते पहिले दखा." म्हणजे प्रवाह कुठं अडकला ते आधी बघा.

त्यांनी स्विचला हातच लावला नाही. आधी मला त्या डिसेंबरच्या रात्रीची हकीकत विचारली. खालचे दोन्ही दिवे एकाच क्षणी गेले का? हो. वरचा झोत चालू होता का? हो. मग त्यांनी मला समजावलं, आणि हे समजावणं मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन बल्ब एकाच क्षणी जळत नाहीत. दोन्ही दिवे एकदम गेले, तर बिघाड दोघांच्या सामाईक वाटेवर असणार. वरचा झोत लागत होता, म्हणजे बॅटरी ठीक आणि दिव्यांचं अर्थिंगही ठीक; कारण एकाच बल्बमधल्या दोन्ही तारांना अर्थिंगची पिन एकच असते. डाव्या-उजव्या दिव्याला फ्यूज वेगवेगळे होते, दोन्ही एकदम उडणं कठीण. मग उरलं काय? वरचा आणि खालचा झोत जिथं वेगळा होतो ती जागा, म्हणजे डिपरचा स्विच. गाडीला हात न लावता, नुसत्या प्रश्नोत्तरांतून ते तिथवर आले होते. शाळेत आपण याला वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतो.

मग त्यांनी टेस्टलॅम्प काढला. हे जगातलं सगळ्यात स्वस्त उपकरण. १२ व्होल्टचा छोटा बल्ब, एका वायरला चिमटा, दुसरीला टोकदार सुई. चिमटा गाडीच्या उघड्या धातूला लावायचा आणि सुई एकेका ठिकाणी टेकवत जायचं. बल्ब पेटला तर तिथवर वीज आली. फ्यूजपाशी पेटला. स्विचमध्ये जाणाऱ्या वायरवर पेटला. स्विचमधून खालच्या झोताकडं जाणाऱ्या वायरवर मात्र कधी पेटत होता, कधी नाही. झालं, अडकलेली जागा सापडली.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. काही गाड्यांत हा स्विच अर्थच्या बाजूला असतो, म्हणजे बल्बला वीज कायम मिळते आणि स्विच फक्त परतीची वाट जोडतो. तिथं टेस्टलॅम्पचा अर्थ उलटा लागतो. म्हणून गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

टेस्टलॅम्पची एक मर्यादाही आहे. त्याला फार थोडा प्रवाह लागतो. वायरचा एकच धागा शाबूत असला तरी तो ऐटीत पेटतो. म्हणून मिस्त्रींनी पुढं मल्टीमीटर लावला, तोही दिवे चालू ठेवून. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते, बल्बच्या कपलरवर १०.६. म्हणजे १.८ व्होल्ट वाटेतच गळत होते. मग मीटरची दोन टोकं स्विचच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वायरला लावली. एकट्या स्विचमध्ये ०.७ व्होल्ट जात होते. उरलेले बारीक वायरी, कपलर आणि फ्यूजपेटी यांत. चांगल्या स्विचमध्ये हा आकडा जेमतेम ०.१-०.२ असायला हवा.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो जळगावात कुणी विचारला नव्हता. "बल्ब कितीचे टाकले?"

मी ओशाळलो. रात्रीच्या प्रवासात उजेड कमी पडतो म्हणून वर्षभरापूर्वी मी मोठे बल्ब टाकले होते, १००/९० वॅटचे. गाडीबरोबर येणारे बल्ब ६०/५५ वॅटचे असतात, म्हणजे वरच्या झोताला ६० आणि खालच्याला ५५. आता फळ्यावरचं गणित करू. खालचे दोन दिवे मिळून मूळ बल्बांचे ११० वॅट. त्याला १२ व्होल्टनं भागलं की सुमारे ९ अँपियर प्रवाह. मोठे बल्ब टाकले की १८० वॅट, म्हणजे १५ अँपियर. व्होल्टेज घसरल्यानं माझ्या गाडीत प्रत्यक्षात १४ च्या आसपास. प्रवाह दीडपट झाला, असं वाटतं. पण स्पर्शबिंदूवर होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ९ चा वर्ग ८१, १४ चा १९६. उष्णता जवळजवळ अडीचपट झाली. ०.७ व्होल्ट गुणिले १४ अँपियर म्हणजे साधारण १० वॅट, एका हरभऱ्याएवढ्या बिंदूवर. रेडिओ दुरुस्त करायचं लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे मी जवळजवळ अर्धं सोल्डरिंग आयर्न प्लॅस्टिकच्या बंद डबीत ठेवून गाडी चालवत होतो.

उष्णतेनं स्पर्शबिंदू काळे पडतात. काळा थर विजेला विरोध करतो. विरोध वाढला की उष्णता आणखी वाढते. मग पट्टीची स्प्रिंग नरम होते, प्लॅस्टिक वितळून पट्टी खाली दबते आणि एके दिवशी दांडी हलवली तरी बिंदू पट्टीला टेकतच नाही. मिस्त्रींनी माझा स्विच उघडून दाखवला. वरच्या झोताची पट्टी चकचकीत होती. खालच्या झोताची काळी, वाकलेली आणि वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये रुतलेली. रात्रीच्या रहदारीत खालचा झोतच जास्त वेळ चालू असतो, म्हणून तीच बाजू आधी गेली.

यात आपल्या खानदेशच्या हवेचाही हात आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कधी त्याच्याही वर. अशा उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत स्टेअरिंगला हात लावता येत नाही, मग त्याच्याखालच्या डबीची काय कथा! स्विचमधलं ग्रीस पातळ होऊन पसरतं, कालांतरानं वाळतं. प्लॅस्टिक ठिसूळ होतं. त्यात काळ्या मातीची बारीक धूळ सगळीकडं शिरते आणि ग्रीसला चिकटून स्पर्शबिंदूंवर कानशीसारखं काम करते. गाडी सावलीत लावणं हा स्विच वाचवण्याचाही उपाय आहे.

मोठ्या बल्बांनी मला जास्त उजेड तरी मिळत होता का? बल्बचा प्रकाश व्होल्टेजवर फार नाजूकपणे अवलंबून असतो. व्होल्टेज १० टक्के घसरलं तर प्रकाश साधारण ३० टक्क्यांनी कमी होतो. माझ्या बल्बला १२.४ ऐवजी १०.६ मिळत होते, म्हणजे जवळपास ४० टक्के उजेड वाटेतच मरत होता. पैसे मोठ्या बल्बचे, उजेड जवळजवळ लहान बल्बचा आणि उरलेली वीज स्विच जाळायला. शिवाय असे बल्ब समोरच्याचे डोळे दिपवतात, रिफ्लेक्टर काळवंडवतात आणि रस्त्यावर वापरायला नियमातही बसत नाहीत.

मिस्त्रींनी तीन कामं केली. मोठे बल्ब काढून ६०/५५ चे टाकले. नवा स्विच बसवला. आणि मध्ये दोन रिले टाकले, एक वरच्या झोताला, एक खालच्याला. रिले म्हणजे दुसऱ्याच्या हातानं लावायचा स्विच. त्यात तारेचं एक छोटं वेटोळं असतं. त्यातून जेमतेम पाव अँपियरच्या आत प्रवाह गेला की ते लोहचुंबक बनतं आणि आतली जाड पट्टी ओढून मोठा प्रवाह जोडतं. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ ला दिव्याकडं जाणारी वायर, ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोकं; त्यांतलं एक स्विचकडं, एक अर्थला. आता स्टेअरिंगखालच्या स्विचमधून ९ अँपियर जाण्याऐवजी नुसता हुकूम जातो, ओझं रिले वाहतो. बल्बवर मीटर लावला तर १२ च्या आसपास व्होल्टेज आलं. लहान बल्ब आधीच्या मोठ्या बल्बांपेक्षा स्वच्छ उजेड देऊ लागले. एक खबरदारी मात्र हवी. बॅटरीकडून येणाऱ्या नव्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज पाहिजे, नाहीतर ती घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू शकते.

दिव्यांखेरीज या स्विचच्या इतर तक्रारींचं निदानही याच रीतीनं करता येतं. डावा-उजवा कुठलाच इंडिकेटर लागत नाही, पण धोक्याचे चारही दिवे एकदम लुकलुकतात, तर बहुतेक गाड्यांत बल्ब आणि फ्लॅशर शाबूत आहेत असं समजायचं. मग इंडिकेटरचा फ्यूज बघायचा आणि तो ठीक असेल तर संशय स्विचवर. एकाच बाजूचा इंडिकेटर फार भरभर लुकलुकत असेल, तर स्विच बदलू नका, त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे. निरोगी इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. वायपरचा एक वेग चालतो आणि दुसरा नाही, तर दोष स्विचमध्ये असेल किंवा मोटारच्या आतल्या कार्बन ब्रशमध्ये. त्या वेगाच्या वायरवर मोटारपर्यंत वीज येत असेल तर मोटार दोषी, येत नसेल तर स्विचकडं वळायचं. दांडी किंचित हलवून धरली की दिवा लागतो, सोडली की जातो, ही तर स्विच झिजल्याची उघड खूण.

निदान पक्कं झालं की बदलण्याचं काम. ज्यांच्या गाडीच्या स्टेअरिंगमध्ये एअरबॅग आहे त्यांनी हे काम घरी मुळीच करू नये, ते अधिकृत कारागिरावरच सोपवावं. भारतात जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळं आजच्या बहुतेक गाड्या यात आल्या. एअरबॅगमध्ये स्फोटक भरलेलं असतं. बॅटरी काढल्यावरही तिच्या यंत्रणेत काही काळ वीज शिल्लक राहते, म्हणून कंपनीनं सांगितलेला वेळ थांबावंच लागतं. चाकाच्या मागं पातळ पट्टीचं एक गुंडाळलेलं वेटोळं असतं, त्याला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. त्याच्यातून एअरबॅगला आणि हॉर्नला वीज जाते. ते मध्यावर न ठेवता चाक बसवलं तर पूर्ण वळण घेताना ते तुटतं आणि अपघातात एअरबॅग उघडतच नाही.

जुन्या, एअरबॅग नसलेल्या गाड्यांचं काम सोपं आहे, तरी क्रम पाळावा लागतो. आधी चाकं सरळ करा. बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवा. मधला हॉर्नपॅड काढा, हॉर्नची वायर सोडवा. आत मोठा नट दिसेल. चाक आणि मधला दांडा या दोघांवर मिळून एक खूण करा, म्हणजे चाक परत त्याच जागी बसेल. नट सैल करा पण पूर्ण काढू नका, चार-पाच आटे राहू द्या. नाहीतर चाक झटक्यात सुटून तोंडावर आपटतं. चाक निघत नसेल तर पुलर लावा. हातोडा मारू नका, त्यानं स्टेअरिंगच्या दांड्याचं बेअरिंग बिघडतं. मग खालच्या-वरच्या आवरणाचे स्क्रू काढा, कपलर सोडवा, स्विचचे स्क्रू काढा. कपलर ओढताना वायर धरू नका, कपलरचं अंग धरा.

नवा स्विच जुन्याशेजारी ठेवून पिना मोजा, वायरींचे रंग ताडून पाहा. दिसायला सारखे असलेले दोन स्विच आतून वेगळे असू शकतात. गाडीकडचा कपलरही नीट बघा. त्याची एखादी पिन काळी, सैल किंवा वितळलेली असेल तर तीही बदला, नाहीतर नवा स्विच पहिल्या दिवसापासून आजारी पडेल. स्विच बसवल्यावर, आवरण लावण्याआधी सगळं तपासा. पार्किंग दिवे, खालचा झोत, वरचा झोत, क्षणभर चमकवायचा झोत, डावा आणि उजवा इंडिकेटर, वायपरचे सगळे वेग, पाणी, हॉर्न. मधला नट कंपनीनं सांगितलेल्या जोरानं टॉर्क पान्यानं आवळा. मग गाडी हळू चालवून डावीकडं-उजवीकडं वळा. इंडिकेटर आपोआप परत येतो का आणि सरळ रस्त्यावर चाक सरळ दिसतं का ते पाहा.

आजच्या गाड्यांत चित्र बदललं आहे. बऱ्याच गाड्यांत हा स्विच आता नुसता संदेश देतो आणि एक छोटा संगणक दिव्यांना वीज सोडतो. तिथं स्पर्शबिंदू जळणं कमी झालं. पण पिना सैल होणं, धूळ, क्लॉक स्प्रिंग तुटणं हे आहेच. दोष संगणकाला स्कॅनर जोडून वाचावा लागतो. एक मात्र बदललेलं नाही. यंत्रानं दाखवलेला दोषाचा आकडा 'अमुक वाटेवर गडबड आहे' एवढंच सांगतो. त्या वाटेवर नेमकं कुठं, हे माणसालाच शोधावं लागतं. आकडा पाहून भाग बदलत सुटणं म्हणजे ताप आला की थर्मामीटर बदलण्यासारखं आहे.

ट्रकांच्या मागं 'यूज डिपर अॅट नाइट' असं लिहिलेलं असतं. ते वाचून आपण हसतो, पण त्या ओळीत एक करार आहे. मी तुझ्यासाठी झोत खाली घेतो, तू माझ्यासाठी घे. हा करार त्या हरभऱ्याएवढ्या स्पर्शबिंदूवर टिकून असतो. माझा तो बिंदू मीच जाळला होता, जास्त उजेडाच्या हौसेपायी. शिक्षा मात्र कापसावर झोपलेल्या त्या पोराला झाली असती.

तेव्हापासून एक सवय ठेवली आहे. रात्रीच्या प्रवासाआधी गाडी एखाद्या भिंतीसमोर उभी करायची आणि दिवे लावून वरचा-खालचा झोत पाच-सहा वेळा बदलून बघायचा. दोन्ही दिव्यांचे डाग भिंतीवर सारखे दिसतात का, बदलताना मध्ये अंधार पडतो का, दांडी सैल लागते का, हे पाहायचं. मग दिवे दहा मिनिटं चालू ठेवून स्टेअरिंगखालच्या आवरणाला हात लावायचा. ते चांगलंच तापलं असेल किंवा वास येत असेल, तर त्या रात्री निघायचं नाही. सकाळी मिस्त्रीकडं जायचं, आणि तो लगेच 'स्विच गेला' म्हणाला, तर त्याला नम्रपणे विचारायचं, "दादा, का गेला?"